जहाजाची वेळ

फुकेतच्या धक्क्यावर धापा टाकत पोचले, तर जहाजाचा जिना उचललेला. माझ्या मोबाइलप्रमाणे निघायला अजून तासभर होता. आमचे हे कंटाळून आधीच परतले होते. मी यांच्यासाठीच शर्ट शोधत राहिले.

फोन लावला. "अहो, थांबवा ना जहाज!"

"अगं, मोबाइल इथली वेळ दाखवतो. जहाजाचं घड्याळ सिंगापूरचं, तासभर पुढे. सकाळी जहाजावर सांगितलं होतं. तू अंघोळीला होतीस."

"मग तुम्ही नाही सांगायचं?"

"पन्नाशी आली तुझी, एवढं कळायला नको?"

"निदान उतरून यायचंत. माझा पासपोर्टही तुमच्याकडेच आहे."

"दोघांनी कशाला अडकायचं?"

जहाज हललं. फोन चालूच होता. हे म्हणाले, "ऐक, माझ्या बीपीच्या गोळ्या कुठे आहेत?"

"निळ्या बॅगेत," माझ्या तोंडून निघालंच. "जेवल्यावर घ्या."