झाडांचा दवाखाना

“काकू, माझी मिरची काहून रुसली हो?” व्यंकटरावांनी मान टाकलेलं रोप पुढे केलं.

“रोज पाणी पाजून लाडावली तुमी. दोन दिवस उपाशी ठेवा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “घरची रुसली तर मात्र हा उपाय करू नका.”

पारावर हशा पिकला. आखाडा बाळापूरच्या मंदिरात कीर्तन संपलं, की मनकर्णाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी इथे बसत. ज्याचं झाड आजारी, त्यानं पानफांदी घेऊन यावं, सल्ला फुकट. लोक त्याला झाडांचा दवाखाना म्हणत.

आज मात्र बाईंचे डोळे सारखे रस्त्याकडे जात होते. भागवतनं परजातीत लग्न केलं तेव्हा ‘माझ्या दारात पाय ठेवू नको’ म्हणून त्यांनी पोटच्या पोराला हाकललं होतं. सुनेचं तोंडही पाहिलं नव्हतं. या सप्ताहात बुवांनी देव भक्तामागं कसा धावतो ते गाऊन सांगितलं, अन् बाईंना हुंदका आवरेना. परभणीच्या जीपवाल्याजवळ त्यांनी निरोप धाडला : काल्याला ये, बाबा. घरी निरोप दिला, एवढंच जीपवाला सांगत होता. भागवतच्या वाटणीचा काला त्यांनी द्रोणात झाकून ठेवला होता.

गर्दी पांगली तशी एक अनोळखी बाई पुढे आली. हातात आंब्याची पानं, कडा करपलेल्या.

“रोप वाळून राहिलं. वाचंल का?”

“खड्ड्यात काय घातलंस?”

ती घुटमळली. “राख.”

“किती?”

“होती तेवढी सगळी.”

“अगं माय! चिमूटभर घालावी. इतक्या राखेनं मुळं भाजत्यात. उकर ती, अन् दे उकिरड्यावर फेकून. नवी माती घाल, शेणखत घाल. तरंल.”

“फेकता येत न्हाई.”

“काहून? राखेचं काय सोनं व्हतं का?” मनकर्णाबाई हसल्या. नजर पुन्हा रस्त्याकडे गेली.

“लोक गंगेत सोड म्हणत व्हते. मीच घरापुढं ठेवली, आंब्याखाली.” ती वाकली, मनकर्णाबाईंच्या पायांवर तिनं डोकं टेकवलं.

“ती चुलीतली न्हाई, आत्याबाई. तुमच्या लेकाची हाय.”