ऐकू जाईल इतपत

बैठकीत गाणं छान वाजत होतं आणि झोपायच्या खोलीत तेच गाणं दोन ओळी म्हणून जीव सोडत होतं.

“बघितलंत? नेमकी याच खोलीची रडारड,” साहेब म्हणाला. “आणि मला गाणी इथेच लागतात. तीही दणदणीत.”

स्पीकर दुरुस्त करायला आलेल्या वायरवाल्याने मान हलवली. त्याला सगळे वायरवालाच म्हणत. आताच्या स्पीकरांना वायर औषधालाही नसते, गाणी इंटरनेटवरून येतात आणि वाय-फायवरून खोल्याखोल्यांत फिरतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं. साहेब माणूस मोठा गोड होता. आल्या आल्या त्याने खुर्ची पुढे केली होती, पंखा लावला होता. अशी गिऱ्हाइकं हल्ली कुठे भेटतात?

गाण्यांसाठी घरात एक वेगळा टॅब होता. तो हातात घेऊन वायरवाल्याने एकेक गोष्ट तपासली. ॲप ठीक. स्पीकर उचलून बैठकीत आणला, तर तिथे तो गुण्यागोविंदाने वाजायला लागला. म्हणजे स्पीकर बिचारा निर्दोष, खोलीपर्यंत वाय-फायच पोचत नव्हतं. तेवढ्यात साहेबाला फोन आला आणि तो गॅलरीत गेला. वायरवाला राउटर शोधत स्वयंपाकघरात शिरला.

राउटर फ्रिजच्या मागे होता. भिंत आणि फ्रिज यांच्या सांदीत, पालथा पडलेला. वरच्या फळीवर धुळीत एक चौकोन स्वच्छ दिसत होता, म्हणजे त्याची जागा तिथे होती.

“हा इथे कुणी टाकला, वहिनी?”

साहेबाची बायको ओट्यापाशी उभी होती.

“मी,” ती म्हणाली. “त्यांना सांगू नका.”

“अहो, पण का? गाणी आवडत नाहीत तुम्हाला?”

तिने गॅलरीकडे पाहिलं. साहेब पाठमोरा, फोनवर खळखळून हसत होता.

“दादा, आवाज एका ठिकाणी अडवता येतो का? कितीही वाढवला तरी पुढे जाणारच नाही, असा?”

“येतो की. ॲपमध्ये तशी सोय असते. का, खालचे तक्रार करतात?”

“नाही ना करत. गाणी लागली की मी कितीही ओरडले तरी खाली काही ऐकू जात नाही.” तिने बाही खाली ओढली, पण मनगटावरचे काळेनिळे वळ त्याला दिसलेच. “गाण्यांचा आवाज कमी असला तर माझा पोचेल. कुणीतरी वर येईल.”

वायरवाल्याने आवाज खाली आणला.

“वहिनी, पोलिसांना फोन...”

“माझा फोन त्यांच्या कपाटात, कुलपात असतो.”

“काय गप्पा चालल्यात?” साहेब दारात उभा होता. हसतमुख.

“वहिनींकडे पाणी मागत होतो,” वायरवाला म्हणाला. राउटर तोवर फळीवर गेला होता. “झालं काम. सॉफ्टवेअरची गडबड होती.” सॉफ्टवेअर म्हटलं की गिऱ्हाईक पुढे विचारत नाही.

खोलीत जाऊन, स्पीकर जागेवर ठेवता ठेवता त्याने साहेबाकडे पाठ केली आणि टॅबवर आवाज निम्म्याच्याही खाली अडवून टाकला. जन्मात पहिल्यांदाच तो चांगलं चाललेलं यंत्र बिघडवत होता.

साहेबाने गाणं लावलं, आवाज वाढवत नेला. “एवढाच?”

“यापुढे गेला तर आतला पडदा फाटतो, साहेब. आता कंपनीनेच कुलूप घातलंय त्याला.”

साहेबाला ते रुचलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. दार लागलं. बाहेर बुटांच्या नाड्या बांधताना वायरवाल्याला वाटलं, आज आपल्या हातून काहीतरी चांगलं घडलं. छाती थोडी फुगलीसुद्धा.

आत गाणं सुरू झालं. मग साहेबाचा आवाज आला, तोच गोड आवाज. “पाणी द्यायला एवढा वेळ लागतो?”

आणि मग तिचा. गाण्याच्या वर, अगदी स्पष्ट.

वायरवाल्याने दारावर थापा मारल्या, बेल दाबून धरली. कुणी उघडलं नाही. एकट्याने काही होणार नाही हे उमगलं तसा तो एका पायात बूट घालून खालच्या मजल्यावर धावला.

तिथलं दार लगेच उघडलं. दारात एक वयस्कर काका होते. त्यांच्या मागे काकू खुर्चीत बसल्या होत्या, हातातलं विणकाम थांबवून. वरून किंकाळी आली, तशा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

“काका, ऐकू येतंय ना? चला माझ्याबरोबर. दोघं असलो तर तो दार उघडेल. चला ना!”

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी त्याच्या खांद्यावरच्या हत्यारांच्या बॅगेकडे पाहिलं.

“स्पीकर दुरुस्त करायला आलेले तुम्हीच का?”

“हो, मीच. चला लवकर!”

“मग आवाज पहिल्यासारखा मोठा करून द्या ना,” काका काकुळतीला येऊन म्हणाले. “गाणी मोठी असली की आम्हाला हे ऐकावं लागत नाही.”