मागे बघायचं नाही

बँडमास्तर क्लाइव्हने काळी छत्री वर केली आणि बँड क्रिमेटोरियमच्या फाटकातून आत निघाला. एक पाऊल, थांबा, दुसरं पाऊल. पुढे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बँजो वगैरे मंडळी. सगळ्यात मागे मंजिरी, अंगाभोवती सुझाफोन गुंडाळून. पितळी अजगराने माणूस गिळायला घ्यावा आणि मध्येच विचार बदलावा, तसं ते वाद्य दिसतं. तिच्या मागे काळी गाडी. गाडीत बाबा.

तिला काहीच वाटत नव्हतं. मंगळवारी बाबा गेले तेव्हापासून वाटत नव्हतं. डेंटिस्टने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा होतो, तशी ती अख्खी दुसऱ्याची झाली होती.

बाबा इंग्लंडात लेस्टरच्या होजिअरी कारखान्यात दिवसभर मशीनचा खडखडाट ऐकून घरी यायचे, तर वरच्या खोलीत हिचं भों भों सुरू. “मी गेलो की वाजव,” ते जिन्याखालून ओरडायचे. “तेव्हा मी तक्रार करणार नाही!” मंजिरीने ते लक्षात ठेवलं. बँडच्या म्हाताऱ्यांनीही लगेच होकार दिला. जुन्या जॅझमध्ये रीतच आहे. माणसाला पोचवताना संथ वाजवायचं, परतताना उडतं.

श्रीनिवासकाकांना ही रीत मान्य नव्हती. काका मिल्टन कीन्सचे. तिथे सगळे रस्ते गोल चौकातून जातात, त्यामुळे काका एरवी मुद्द्यावर यायला वेळ घेत. आज सकाळी मात्र सरळ आले.

“वहिनी, अंत्ययात्रा आहे की वरात?”

“त्यांनी तिला सांगितलं होतं,” आई म्हणाली.

“अहो, गमतीत सांगितलं होतं!”

“त्यांनी गंभीरपणे काय सांगितलं हो कधी?”

आईने पांढऱ्या साडीवर कोट चढवला. म्हणजे ठरलं.

क्लाइव्हचा एकच नियम होता. मिरवणुकीत मागे बघायचं नाही, शोभत नाही. तसंही सुझाफोन अंगावर असला की मान वळत नाही. पुढच्याची पाठ दिसते आणि वर आपल्याच भोंग्याची कड. आत रस्त्याला दोन फाटे फुटले तसा क्लाइव्ह उजवीकडे वळला. बँड उजवीकडे वळला. मागे गाडीची घरघर येत होती. चॅपल आलं, म्हणजे निरोपाचा हॉल. बँड वाजवत आत शिरला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चार माणसांनी शवपेटी आणून समोर ठेवली.

पेटीवर फुलांनी मोठ्ठ्या अक्षरांत ‘ग्रँडॅड’ लिहिलं होतं.

बाबा ग्रँडॅड झालेले नव्हते. या विषयावर आईचं मंजिरीशी बऱ्याचदा बोलणं झालं होतं.

ती वाजवत राहिली आणि वाजवता वाजवता तिने हिशेब लावला. बाबांची गाडी डावीकडे गेली. तिथे दुसरं चॅपल. मागची घरघर होती ती रांगेतल्या पुढच्या गाडीची. भिंतीपलीकडे आत्ता बाबांना निरोप देताहेत, आणि दिलेला शब्द पाळायला आलेली मुलगी एका परक्या आजोबांना पोचवतेय. कारण क्लाइव्हला मागे बघायला शोभत नाही.

थांबावं, असं तिला वाटलं. पण सगळ्यात खालचा सूर सुझाफोनचा, तो थांबला की वरचे सगळे जिन्याची पायरी चुकल्यासारखे कोसळतात. आणि पहिल्या बाकावर निळी टोपी घातलेली एक म्हातारी एकटीच बसली होती. ती पायाने ठेका धरत होती. मंजिरीने दम भरला आणि शेवटपर्यंत वाजवलं. काही वाटलं मात्र नाही.

म्हातारी उठून जवळ आली. मंजिरीचा हात हातात घेऊन म्हणाली, “त्यांना हे अजिबात आवडलं नसतं. थँक यू, डिअर.”

मंजिरी वाद्यासकट पळाली. दारात भोंगा अडकला. तिरकी होऊन सुटली. इमारतीला वळसा घालून पोचली तेव्हा पलीकडच्या चॅपलमधून आपली माणसं बाहेर पडत होती. सगळं आटोपलं होतं. काका बुटांकडे बघत उभे. आई समोर.

“आई, सॉरी. आम्ही राँग चॅपलमध्ये गेलो. मी... माझी मिस्टेक झाला.”

आईने तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. याचा अर्थ प्रकरण फार वाईट होतं.

“बाबांना काहीच वाजवलं नाही मी,” मंजिरी म्हणाली.

आईने हात वर करून सुझाफोनवरून फिरवला. थंड पितळ. इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच हात लावला होता.

“बाकीच्यांचं काही आलं नाही गं भिंतीतून. ते ट्रम्पेट नाही की काही नाही,” ती म्हणाली. “खालून नुसतं घुमत होतं. बाक हलत होते. काका म्हणाले, इथला बॉयलर बिघडलाय, कुणाला तरी सांगून बंद करायला हवा. मी म्हटलं, भाऊजी, बसा. आमची मंजिरी आहे ती.”