मशीनवरचा आकडा

"ती वही रद्दीत नाही जायची," बाबा म्हणाले. "गणित अर्धं आहे."

लेकीनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. शिलाईचं दुकान आज रिकामं करायचं होतं. उद्यापासून बाबा तिच्याकडे राहायला येणार होते. कात्र्या, टेप, रिळांचे डबे बांधून झाले होते. मशीन तेवढं उरलं होतं, आणि त्याच्या पितळी पट्टीवरचा तो लांबलचक आकडा: १०८४०१०४१.

आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. बाबांच्या तोंडाला जणू कुलूप लागलं होतं. गिऱ्हाइकाशी मापापुरतं बोलायचे, घरी तेवढंही नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी या आकड्यावर बोट ठेवलं. "याला कशानं भाग जात असेल गं?" तेरापर्यंतच्या संख्या त्यांनीच एका वहीत तपासल्या. "कशानंच जात नाही. तू सतरापासून धर."

रोज दुकान बंद करण्याआधी एकच मूळ संख्या घ्यायची, असा नेम पडला. भागाकार तिचा, ताळा बाबांचा. ती चुकली की बाबा मापाच्या खडूनं तिच्या नाकावर रेघ ओढायचे आणि हसायचे. ते हसू तिला अजून आठवतं.

चौथ्याच दिवशी शाळेत तिनं सहज सातानं भागून पाहिलं. बाकी शून्य. बाबा चुकले होते. सांगितलं असतं तर खेळ तिथंच संपला असता आणि ते पुन्हा मुके झाले असते. तिनं तो कागद चुरगळून टाकला. पुढं जवळजवळ पाचशे संध्याकाळी ती खोट्या उत्साहानं भागत राहिली. हळूहळू तो उत्साह खराच झाला. मग तिचा अभ्यास वाढला, बाबा मशीनवर गुणगुणायला लागले, आणि वही आपोआप मागे पडली.

आता मात्र तिला राहवेना. म्हाताऱ्या बापानं हे अर्धं गणित जन्मभर उराशी धरावं, ही कसली शिक्षा?

"बाबा, याला सातानं भाग जातो. मला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही बोलायला लागला होतात, म्हणून मी गप्प बसले."

बाबांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि तिचं बोट सातासमोर टेकवलं. शाईनं लिहिलं होतं, 'बाकी ४'. त्याखाली पेन्सिलीचा एक भागाकार खोडलेला होता, पण त्याचे वळ कागदावर राहिले होते. शेवटी स्वच्छ शून्य होतं.

"आई गेल्यापासून तू जेवत नव्हतीस," ते म्हणाले. "त्या रात्री सतरानं भागून झालं आणि तू ताट संपवलंस."

तिला पुढचं काही दिसेना. बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"कुठवर आलो होतो गं?"

"तीन हजार पाचशे एकाहत्तर."

"मग पुढचा घे. आवराआवर काय, उद्याही होईल."