कात्री एकच

"काका, कात्री आणा! जाळी कापायचीय!" कप्तान बास्केटखालच्या शिडीवरून ओरडला.

कात्री एकच होती आणि ती खांबाच्या गुडघ्यावर चालली होती. संघातला सगळ्यात उंच गडी, म्हणून तो खांब. बावीस सामन्यांचा मोसम, एकदाही बाहेर बसला नाही. आता बाकावर बसून त्याने पाय खुर्चीवर टाकला होता आणि संघाचे मालिशकाका गुडघ्यावरची चिकटपट्टी कापत होते. निम्मीच कापून झाली होती. पट्टीच्या कडेने जांभळं मांस वर आलं होतं.

"दोनच मिनिटं," काका म्हणाले.

"कसली दोन मिनिटं! बारा वर्षांनी चषक आलाय. याचा पाय काय पळून जातोय?" प्रशिक्षक हसले आणि काकांच्या हातून कात्री घेऊन गेलेसुद्धा.

जिंकणाऱ्यांनी बास्केटची जाळी कापायची आणि एकेक तुकडा घरी न्यायचा, अशी रीत. सगळे शिडी चढले. संघाच्या मालकांना तर खालून ढकलावं लागलं. त्यांनी दोन तुकडे घेतले, एक स्वतःला आणि एक घरच्या कुत्र्याला. असतात एकेकाचे लाड!

"काका, फार रुततेय हो," खांब म्हणाला.

काकांनी नखांनी पट्टी उचकटून पाहिली. सुटेना. सुटेल कशी? मध्यंतरात त्यांनीच आवळून बांधली होती, प्रशिक्षक डोक्यावर उभे असताना. चाळीस वर्षं गुडघे चाचपलेला हात तो, आत काय तुटलंय ते त्याला कळलं नाही होय? चांगलं कळलं होतं. "सूजच आहे ना?" खांबाने विचारलं होतं. काकांनी आधी प्रशिक्षकांकडे पाहिलं होतं, मग म्हणाले होते, "सूजच. खेळ बिनधास्त."

कप्तान धावत आला, खांबाच्या हातात जाळीचा तुकडा कोंबला, पाठीत धपका घातला आणि परत नाचायला पळाला. कात्री आणायचं त्याच्या गावीही नव्हतं.

"काका, पायाची बोटं हलेनात. पुढच्या मोसमापर्यंत होईल ना बरं?"

आता तरी बोलावं की नाही माणसाने! प्रशिक्षक जवळ नव्हते, कुणीच नव्हतं.

"न व्हायला काय झालं?" काका म्हणाले. "तुला काय धाड भरलीय!"

खांबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने काकांचा हात ओढला आणि तो तुकडा त्यांच्या मनगटाला बांधला, चांगल्या दोन गाठी मारून.

"सगळे नुसते 'खेळ, खेळ' म्हणत होते. मी उतरलो तो तुमच्या शब्दावर. हा तुमचा."

काकांनी बोट घालून गाठ ओढून पाहिली. ती हलेना. कात्री अजून शिडीवरच होती.