तांदळातलं नाव

"दिवेलागणीला इथं कुणाला नावानं हाक मारू नका. ज्याचं नाव घ्याल तो इथंच राहतो," जीपवाल्यानं बजावलं होतं. जैसलमेरजवळच्या त्या ओसाड गावात घरांच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या आणि वाळू उंबऱ्यांपर्यंत चढली होती.

हेमलताच्या नवऱ्याला भुताखेतांचं काही नव्हतं. "शैलजा असती तर एकेका खोलीत डोकावली असती," तो म्हणाला. किल्ल्यात शैलजा, उंटावर शैलजा, दालबाटीच्या ताटावरही शैलजाच. पहिली बायको जाऊन किती वर्षं झाली, तरी या सहलीला तीच आल्यासारखी होती. हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवेलागण होताच नवरा जीपकडे वळला तशी ती मागं रेंगाळली आणि एका पडक्या दारात उभी राहून ओरडली, "शैलजा!"

राहा म्हणावं आता इथंच.

तेवढ्यात जीपपाशी उभ्या नवऱ्यानं हाक दिली, "शैलजा, चल लवकर."

हेमलतानं दाराची चौकट धरली. रागाच्या भरात ती विसरलीच होती. लग्नात त्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, तेही शैलजाच.

ती कशीबशी जीपमध्ये येऊन बसली. जीपनं वेस ओलांडली तशी नवऱ्यानं विचारलं,

"काय झालं गं, शैलजा?"

"हेमलता म्हणा," ती म्हणाली. "शैलजा मागं राहिली."

तो चटकन मागं वळला, आणि गाव दिसेनासं होईपर्यंत तसाच बघत राहिला.