बदामाएवढा कारभारी

“अंगातली आग चुलीला द्यावी गं, माणसांना दाखवू नये,” इंदुमतीची आई जात्यावर म्हणायची.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई इंदुमतीला विचारत होत्या आणि उत्तरं नवरा देत होता.

“झोप?”

“छान लागते तिला.”

“घाम?”

“थंडीतही येतो. स्वभावच तापट! पंखा लावते, मी बंद करतो.”

डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या चित्रात बदामाएवढा ठिपका काढला. “हा हायपोथॅलॅमस. शरीराची ऊब हाच राखतो. पाळी जाताना संप्रेरकं घटली, की साध्या उबेलाही आग समजून घामाचा हुकूम सोडतो.”

“एवढासा, आणि सगळ्यांवर हुकूम?” नवरा हसला. “आमच्याकडे नाही हं चालत!”

इंदुमतीनं पदरानं कपाळ पुसलं.

“अहो, झोप तुम्हाला छान लागते. चार वर्षं मी टक्क जागी आहे. आता पंखा बंद केलात, तर ओसरीवर निजा.”